नऊ तासांचें अंतर

मुंबईहून लंडन किती लांब, असें कोणी विचारलें तर आजकालचा सुशिक्षित मनुष्य मैल सांगत नाहीं, कोस तर नाहींच नाहीं. तो तास सांगतो. "नऊ तास," तो म्हणतो, आणि म्हणतांना त्याच्या चर्येवर असा कांहीं भाव असतो कीं जणूं काय हें अंतर त्यानें स्वतःच्या हातानें कमी करून आणलें आहे! आम्हीही याच मंडळींपैकीं एक होतों. सहा वर्षें आम्हीं हा नऊ तासांचा मंत्र जपला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकविला, आणि सर्वांत अधिक वेळां आमच्या आईला ऐकविला. त्या मंत्रावरचा आमचा विश्वास आतां पूर्वींसारखा राहिलेला नाहीं.

आमची कन्या २०१९ च्या सप्टेंबरांत शिक्षणासाठीं लंडनला गेली. पुण्यामुंबईच्या पांढरपेशा वस्तींत ज्या घरचें एखादें तरी पोर समुद्रापलीकडे नाहीं असें घर आतां शोधूनच काढावें लागेल. तेव्हां या गोष्टींत नवल असें कांहींच नाहीं. नवल वाटलें तें आमच्या आईच्या प्रश्नाचें. तिचें वय त्या वेळीं अठ्ठ्याहत्तर होतें. नात विलायतेस जाणार हें ऐकून तिनें ना फारसा आनंद दाखविला, ना डोळ्यांना पदर लावला. तिनें एवढेंच विचारलें, "किती लांब म्हणायचं रे तें?"

"सात हजार दोनशें किलोमीटर," आम्हीं सांगितलें.

या आंकड्याचा तिला कांहींच बोध झाला नाहीं हें तिच्या मुद्रेवरून दिसत होतें. म्हणून आम्हीं पुस्ती जोडली, "विमानानें नऊ-साडेनऊ तास."

"असं होय!" ती म्हणाली. "म्हणजे आपली सावंतवाडीच कीं."

आम्ही हंसलों खरे, पण तिचा हिशेब चुकलेला नव्हता. सावंतवाडी तिचें माहेर. आणि पुण्याहून रात्रीं सुटणारी एस. टी. आंबोलीचा घाट उतरून तेथें पोहोंचावयास साधारण तेवढाच वेळ घेते. आमच्या आईच्या पिढीनें भूगोल शिकला तो नकाशावर नव्हे, प्रवासाच्या शिदोरीवर. लहानपणीं ती वेंगुर्ल्याहून बोटीनें मुंबईस येत असे. बोटींत रात्र काढावी लागे, तेव्हां भाऊच्या धक्क्यापर्यंत पुरतील इतक्या दशम्या बरोबर असत. एका रात्रीच्या वाटेला माणशीं चार दशम्या, हें तिचें कोष्टक. लंडन सावंतवाडीइतकेंच लांब ठरल्यावर तिनें नातीसाठीं मोजून चार दशम्या बांधून दिल्या, आणि नातीनेंही त्या मुकाट्यानें हातांतल्या पिशवींत घातल्या. विमानांत जेवण मिळतें, हें सांगण्याचें धैर्य आमच्यापैकीं कोणालाच झालें नाहीं.

पुढें एके दिवशीं तिला वाट पाहावयाची इच्छा झाली. आमच्या धाकट्या भावानें शाळेंत बक्षीस मिळविलेला एक पृथ्वीगोल माळ्यावर पडला होता, तो आम्हीं झाडून पुसून खालीं आणला. पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसलेली एक गंमत यांत आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्यें पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती इराण-इराकवरून, तुर्कस्तानावरून जाते, आणि हाच जवळचा रस्ता असें कोणालाही वाटतें. परंतु पृथ्वी सपाट नाहीं. गोलावर एक दोरा दोन्ही शहरांवर बोटांनीं दाबून ताठ ओढला, कीं तो आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि खरा जवळचा मार्ग दाखवितो. आईच्या शिवणाच्या डब्यांतला दोरा घेऊन आम्हीं हा प्रयोग केला. दोरा मुंबईहून निघाला तो सौराष्ट्रावरून थेट कराचीवर गेला. तेथून बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्राचा कांठ. अर्ध्या वाटेवर तिबिलिसी. मग काळा समुद्र, युक्रेन, जर्मनी आणि लंडन. आमचा गोल फुटभर रुंदीचा. त्यावर दोऱ्याची लांबी वीतभरही भरली नाहीं.

"कराचीवरून जातं होय!" आई म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. तिचे एक मामा फाळणीपूर्वीं कराचीस पोस्टांत नोकरीला होते, आणि विलायती टपाल घेऊन येणाऱ्या विमानाच्या गोष्टी तिनें त्यांच्या तोंडून ऐकल्या होत्या. त्या गोष्टी खोट्या नव्हत्या. लंडन ते कराची अशी टपालाच्या विमानाची फेरी इंपीरियल एअरवेज या कंपनीनें ३० मार्च १९२९ रोजीं सुरू केली. त्या प्रवासाला आठवडाभर लागे, आणि युरोपांतला कांहीं भाग तर चक्क आगगाडीनें ओलांडावा लागे. कराचीला उतरलेलें टपाल मुंबईस आणण्याचें काम पुढें जे. आर. डी. टाटांनीं उचललें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं एका एंजिनाचें, पस मॉथ जातीचें लहानसें विमान स्वतः चालवीत ते कराचीच्या ड्रिग रोड तळावरून निघाले, आणि अहमदाबादेस थांबून जुहूस उतरले. म्हणजे आमच्या दोऱ्याचा पहिला तुकडा, कराचीपासून मुंबईपर्यंतचा, त्या दिवशीं प्रथम नियमितपणें वापरांत आला असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें ८ जून १९४८ रोजीं एअर-इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघालें. कैरो आणि जिनीव्हा येथें थांबत तें १० जूनला पोहोंचलें. आठवड्याचे दोन दिवस झाले, आणि दोन दिवसांचे नऊ तास. मनुष्याच्या कर्तबगारीचा अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे, आणि तो आम्हांला वाटतो.

मात्र दोऱ्याच्या वाटेनें कोणी जात नाहीं, हें आम्हांला नंतर कळलें. कोष्टकांत छापलेले ७,२०० किलोमीटर हें दोऱ्याचें अंतर आहे, विमानाचें नव्हे. २०१९ च्या फेब्रुवारींत पाकिस्तानचें आकाश बंद झालें तें जुलैपर्यंत. कन्येचें जाणें त्यानंतर दोन महिन्यांनीं, म्हणून तिला तो वळसा पडला नाहीं. २०२२ च्या फेब्रुवारींत युद्ध सुरू होतांच युक्रेनचें आकाश बंद झालें. २०२५ च्या एप्रिलांत पाकिस्ताननें भारतीय विमानांना पुन्हां वाट बंद केली. दोऱ्यावरचीं गांवें अशीं एकामागून एक गळत गेलीं. कराचीचें नांव निघालें कीं आई सुस्कारा टाकी. आकाशाला कुंपण घालतां येतें ही कल्पनाच तिला पटत नसे. "वर काय गेट बसवलंय?" असें तिनें एकदां विचारलें होतें, आणि त्याला समाधानकारक उत्तर देणें एम्. ए. झालेल्या मनुष्यालाही साधलें नाहीं.

आईची एक संवय येथें सांगितली पाहिजे. स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर दूध, इस्त्री आणि गॅसची टांकी यांचे हिशेब लिहितां लिहितां तिनें नातीच्या विमानांचेही हिशेब ठेवावयास आरंभ केला. 'गेली' आणि 'आली' असे दोन रकाने. त्यांत सुटण्याची वेळ, उतरण्याची वेळ आणि लागलेले तास. लंडनचें घड्याळ आपल्या मागें असतें हें आम्हीं तिला शिकविलें होतें. उन्हाळ्यांत साडेचार तास, हिवाळ्यांत साडेपांच. तिनें तें बिनचूक लक्षांत ठेवलें आणि वजाबाकी कधीं चुकविली नाहीं. वर्ष संपलें कीं तें पान फाडून ती आपल्या पोथ्यांच्या फडक्यांत ठेवी.

२०२० आणि २०२१ या दोन सालांच्या पानांवर हे रकाने कोरे आहेत. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें परदेशचीं नेहमींचीं विमानें बंद झालीं, तीं २०२२ च्या मार्चअखेर पुन्हां सुरू झालीं. मधल्या काळांत कांहीं विशेष विमानें जात-येत होतीं, पण आमच्या कन्येला येणें जमलें नाहीं. त्या दोन वर्षांत लंडन किती तासांवर होतें, याचें उत्तर कोणत्याही कोष्टकांत मिळावयाचें नाहीं.

चारपांच फेऱ्यांची नोंद झाल्यावर आईनें एक दिवस जेवतां जेवतां सिद्धांत मांडला. "चिमीला जातांना जास्त वेळ लागतो, येतांना कमी. दर खेपेला." आम्हीं पान पाहिलें. जातांना नऊ तास पन्नास मिनिटें, दहा तास. येतांना आठ तास चाळीस, नऊ तास. खरेंच होतें! रस्ता तोच, यंत्र तेंच, आणि फरक तासाभराचा. आमच्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविणारे एक स्नेही आहेत, त्यांना आम्हीं कारण विचारलें. आमची समजूत अशी कीं, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हां लंडनहून येणाऱ्या विमानाला ती कांहीं तरी मदत करीत असावी. ही समजूत त्यांनीं फार निर्दयपणें मोडून काढली. पृथ्वीबरोबर तिच्या भोंवतालची हवाही फिरते, त्यामुळें नुसत्या फिरण्याचा असा लाभ किंवा तोटा कोणालाच नाहीं. खरें कारण वारा. जमिनीपासून दहाबारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे जेथून हीं विमानें जातात नेमक्या त्याच थरांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद लोंढा वाहात असतो. हिवाळ्यांत त्याचा वेग कित्येकदां ताशीं दीडदोनशें किलोमीटरांच्या वर जातो. लंडनला जाणाऱ्यानें त्याच्या छातीवर चालून जावयाचें, आणि परत येणाऱ्यानें पाठीवर घेऊन यावयाचें.

हा लोंढा प्रथम कोणाच्या ध्यानांत आला याची हकीकत तर आम्हां भाषेच्या शिक्षकांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वासाबुरो ओइशी नांवाच्या जपानी शास्त्रज्ञानें तातेनो येथील वेधशाळेंतून फुगे सोडून तो मोजला आणि १९२६ सालीं आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. परंतु सर्व जगाला वाचतां यावा म्हणून त्यानें तो एस्परांतो भाषेंत लिहिला, आणि त्यामुळेंच जगानें तो वाचला नाहीं! दुसऱ्या महायुद्धांत जपानवर चालून गेलेल्या अमेरिकन वैमानिकांना तो वारा प्रत्यक्ष आडवा आला, तेव्हां कोठें त्याची नीट ओळख झाली. आमच्या मातोश्रींचें संशोधन दिनदर्शिकेच्या समासांत लिहिलेलें असल्यामुळें त्याचीही गत तशीच व्हावयाची होती.

वाऱ्याची ही उपपत्ति आम्हीं आईला समजावून सांगितली. तिनें ती लक्षपूर्वक ऐकली आणि बाजूला सारली. "वारा असेल," ती म्हणाली, "पण जातांना पोरीचा पाय निघत नाहीं, हेंही आहेच कीं."

२०२५ च्या नोव्हेंबरांत आईला ताप आला. सांगण्यासारखें कांहीं विशेष नव्हतें. छातींत कफ सांचला होता, डॉक्टर रोज येत होते, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षीं असें व्हावयाचेंच असें सगळे म्हणत होते. कन्या रोज फोनवर विचारी, "बाबा, मी येऊं का?" आणि आम्ही रोज सांगत होतों, "आत्तांच नको. नव्या नोकरीची रजा उगीच कशाला खर्च करतेस? लागलंच तर नऊ तासांचा तर रस्ता आहे." हें वाक्य आम्हीं अकरा दिवसांत किती वेळां उच्चारलें असेल त्याची गणती नाहीं. आमच्या मंडळींनीं दोनदां सुचवून पाहिलें कीं पोरीला बोलावून घ्यावें. त्यांनाही हेंच उत्तर मिळालें. आईनें मात्र सातव्या दिवशीं स्पष्टच म्हटलें, "चिमीला बोलाव रे." आम्हीं तिला सांगितलें कीं पुढच्या आठवड्यांत बोलावतों. ती कांहीं बोलली नाहीं. सावंतवाडी पुण्यापासून किती लांब, हें तिला आमच्यापेक्षां अधिक ठाऊक होतें. आणि सावंतवाडीहून कोणाला बोलवावयाचें तर केव्हां बोलवावें, हेंही.

लंडन तीन आठवड्यांच्या वाटेवर असतें तर आम्हीं तिला पहिल्याच दिवशीं तार केली असती, किंवा ती येऊं शकत नाहीं असें धरून आईला तसें सांगून टाकलें असतें. आईनेंही तिचा निरोप फोनवरच घेतला असता, मनाची तयारी करून. नऊ तासांनीं आम्हांला दोन्ही करूं दिलें नाहीं. कधींही येतां येईल म्हणून आम्हीं आज बोलावलें नाहीं, आणि उद्यांही बोलावलें नाहीं.

अकराव्या दिवसाच्या रात्रीं, म्हणजे बुधवार संपून गुरुवारचा एक वाजतां, आईचा श्वास बदलला आणि आम्हीं फोन केला. लंडनला संध्याकाळचे साडेसात वाजले होते. त्या रात्रींच्या सरळ विमानांत जागा नव्हती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊचें, आखातांतील एका शहरीं बदलावयाचें, असें विमान मिळालें. येथपर्यंतच साडेतेरा तास गेले. मग सात तासांचें उड्डाण, साडेचार तासांचा मुक्काम, पुन्हां तीन तासांचें उड्डाण. मुंबईस शिक्के आणि सामान यांत दीड तास. आणि मुंबईपासून आमच्या दारापर्यंत घाटांतून चार तास. शुक्रवारीं सकाळीं साडेदहा वाजतां ती पोहोंचली. साडेतेहतीस तास. पैकीं आकाशांत दहा.

शुक्रवार लागून अर्धा तास झाला होता तेव्हां आई गेली. त्या वेळीं आमची कन्या आखातांतल्या त्या विमानतळावर एका खुर्चीवर बसलेली होती, आणि दर वीस मिनिटांनीं "आजी कशी आहे?" असें विचारीत होती.

आम्ही इंग्रजीच्या वर्गांत गांधीजींच्या आत्मचरित्रांतलीं प्रकरणें अनेक वर्षें शिकवीत आलों आहों. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं ते मुंबईहून बोटीनें विलायतेस निघाले; बॅरिस्टर होऊन १८९१ च्या जुलैंत परत आले, तेव्हां वडील बंधु त्यांना उतरवून घ्यावयास आले होते. आई वारल्याचें त्यांना तेथें कळलें. ती गांधीजी विलायतेंत असतांनाच गेली होती. परमुलुखांत आघात नको म्हणून बंधूंनीं ती बातमी दाबून ठेवली होती. वर्गांत हा भाग आला कीं आम्ही त्या बंधूंना थोडे बोल लावीत असूं. ममता खरी, पण मुलाला आपल्या आईच्या मृत्यूची वार्ता वेळेवर कळण्याचा हक्क नाहीं काय, असा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांना टाकीत असूं, आणि त्यावर चर्चाही चांगली रंगे.

रात्रीं पाऊण वाजतां कन्येचा प्रश्न पुन्हां आला. आम्हीं उत्तर पाठविलें, "झोंपली आहे. तूं सांवकाश ये." त्या बंधूंनीं महिनेच्या महिने जें निभावलें तें आम्हांला दहा तासही नीट निभावलें नाहीं. मुंबईस उतरल्यावर तिनें फोन केला, आम्ही "हो" म्हणालों आणि पुढें बोलतां येईना. तिला त्यावरूनच कळलें. घाटांतल्या त्या चार तासांत तिनें एकदांही फोन केला नाहीं.

तिच्यासाठीं आम्ही थांबलों होतों. तिनें आजीचे पाय धरले, आणि मग पुढचें सर्व झालें.

तेरावा आटोपल्यावर एके दुपारीं ती पोथ्यांचें फडकें उघडून बसली. दिनदर्शिकेचीं जुनीं पानें तिनें क्रमानें लावलीं, वाचलीं, आणि एका ठिकाणीं आजीची वजाबाकी चुकली असावी असें वाटून पुन्हां करून पाहिली. ती चुकलेली नव्हती. मग तिनें आम्हांला विचारलें, "बाबा, तुम्ही मला आधीं कां नाहीं बोलावलंत?" रागानें नव्हे, हिशेब विचारावा तसें. आम्हीं तिला आईचें सातव्या दिवसाचें वाक्य सांगितलें. सांगितलें नसतें तरी चाललें असतें, असें आमच्या मंडळींचें मत. ती पुष्कळ वेळ पानांकडे पाहात राहिली आणि एवढेंच म्हणाली, "मीही रोज विचारत होतें, न विचारतां निघायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशीं ती निघाली. या खेपेस दशम्या आमच्या मंडळींनीं केल्या, चार. विमान सुटलें तेव्हां आम्हीं घड्याळ पाहिलें. आतां विमान कोठें आहे तें फोनच्या पडद्यावर दिसतें. पिवळें चिमुकलें विमान कराचीला उजवीकडे दूर ठेवून समुद्रावरून पुढें सरकत होतें. दुपार झाली, संध्याकाळ झाली. शेवटीं तिचा निरोप आला, "घरीं पोहोचलें, बाबा. वारा फार होता म्हणे."

आम्हीं स्वयंपाकघरांत जाऊन भिंतीवरची दिनदर्शिका काढली, आणि 'गेली' या रकान्यांत वेळ मांडली. दहा तास पंचवीस मिनिटें.